मार्लबरोची ड्यूकपदवी : घराणे, आडनाव आणि किताब

इंग्रज सरदार घराण्यांचा इतिहास वाचताना विद्यार्थी बहुधा नावांपाशीच अडखळतो. पदवी, आडनाव आणि निवासस्थान यांचा परस्परांशी मेळ असेल, ही अपेक्षा तेथे फारशी पुरी होत नाही. मार्लबरोच्या ड्यूकचे घराणे पाहा. मार्लबरो हे गाव विल्टशायर परगण्यात आहे. ड्यूकचा ब्लेनहाइम प्रासाद ऑक्सफर्डशायरमध्ये. आणि ‘ब्लेनहाइम’ हे नाव मुळात बव्हेरियातील एका खेड्याचे, जेथे १७०४ मध्ये पहिल्या ड्यूकने फ्रेंचांचा पराभव केला.

हा पहिला ड्यूक म्हणजे सेनापती जॉन चर्चिल. राणी ॲनने त्याला १७०२ मध्ये ही पदवी दिली. अशी पदवी सामान्यतः पुरुषवंशातील ज्येष्ठाकडे जाते. परंतु जॉनचा एकमेव हयात पुत्र पुढच्याच वर्षी देवीच्या रोगाने मरण पावला. पदवी लयास जाऊ नये म्हणून १७०६ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून ती मुलींकडे व त्यांच्या वंशाकडे जाण्याची तरतूद केली. त्यानुसार १७२२ मध्ये थोरली कन्या हेन्रिएटा स्वतःच्या अधिकारात डचेस झाली. तिचा पुत्र तिच्याआधीच निवर्तला होता. त्यामुळे १७३३ मध्ये पदवी तिच्या बहिणीचा मुलगा चार्ल्स स्पेन्सर याला मिळाली. पदवी टिकली, आडनाव मात्र बदलले. ‘चर्चिल’ परत आले ते १८१७ मध्ये, पाचव्या ड्यूकने ‘स्पेन्सर-चर्चिल’ हे जोडनाव धारण केले तेव्हा.

‘लॉर्ड’ हा शब्द तर अधिकच फसवा. १८८५-८६ मध्ये भारतमंत्री असलेले लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल हे सातव्या ड्यूकचे धाकटे पुत्र. त्यांच्या नावामागचे ‘लॉर्ड’ हे केवळ सौजन्यदर्शक होते. कायद्याच्या दृष्टीने ते सामान्य प्रजाजनच होते, आणि म्हणूनच कॉमन्स सभागृहात बसू शकले. त्यांचे पुत्र विन्स्टन यांच्या वाट्याला हे उपपदही आले नाही. तथापि १८९५ मध्ये रँडॉल्फ वारले तेव्हा त्यांचे पुतणे, नववे ड्यूक, निपुत्रिक होते. १८९७ मध्ये त्यांना पुत्र होईपर्यंत विन्स्टन हेच संभाव्य वारस होते. पदवी त्यांच्याकडे आली असती, तर ते आपोआप लॉर्ड्स सभागृहात गेले असते व कॉमन्सचे दार त्यांना बंद झाले असते. वंशपरंपरागत पदवीचा त्याग करण्याची मुभा कायद्याने दिली ती १९६३ मध्ये. हे बंधन नाममात्र नव्हते. १९४० मध्ये पंतप्रधानपदासाठी विन्स्टन यांच्याबरोबर ज्यांचा विचार झाला, त्या लॉर्ड हॅलिफॅक्स यांनी, आपण कॉमन्समध्ये नाही, हीच अडचण पुढे केली होती.