अंगणातली सदाफुली, शिरेतले औषध

सदाफुली आपण देवाला वाहतो. मूळची ती मादागास्करची. तिच्याच पानांतून व्हिन्क्रिस्टिन निघते. शेकडो किलो वाळल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर! रक्ताच्या कर्करोगावर, विशेषतः लहान मुलांच्या, ते १९६३ पासून वापरात आहे.

हे ऐकून कुणी घरची पाने चावू लागेल, तर तसे मुळीच करू नये. पानांत इतरही विषारी द्रव्ये असतात आणि पोटात किती गेले याचा हिशेब राहत नाही. इस्पितळात मोठ्या माणसालाही एका वेळी बहुधा दोन मिलिग्रॅमहून अधिक देत नाहीत.

औषध फक्त शिरेतूनच द्यायचे. पाठीच्या कण्यात गेले तर प्राणावर बेतते. शिरेबाहेर झिरपले तर मांस जळते. म्हणून सुईच्या जागी आग होऊ लागली, की लगेच नर्सबाईंना हाक मारा. ‘थोडं दुखायचंच’ म्हणून सोसत बसू नका. मूल रडू लागले, तर आईने आधी त्याचा हात पाहावा.

केस गळतात, पण बहुधा पुन्हा येतात. त्याचे फार मनाला लावून घेऊ नये. खरा जाच बद्धकोष्ठाचा. औषधाने आतड्यांचे मज्जातंतू मंदावतात, आणि ही गोष्ट डॉक्टरांना सांगायला माणसे लाजतात! बोटांना मुंग्या येणे, सदऱ्याची बटणे लावता न येणे, जबडा दुखणे, हेही सांगावे. मात्रा कमी करता येते.

आणि नायट्यासाठी इट्राकोनॅझोलच्या गोळ्या चालू असतील, तर पाकीट सोबत नेऊन आधीच दाखवा. त्यांच्यामुळे हे औषध शरीरात साचून राहते आणि त्रास बळावतो.