९५९ धावांचा पाठलाग

भिवंडीतल्या पोराची रणजी करंडकासाठी निवड झाली, तर तो मुंबईकडून खेळणार. पुण्यातला पोरगा महाराष्ट्राकडून आणि नागपुरातला विदर्भाकडून. एका राज्याचे तीन संघ! त्यामुळे आपल्याला एक अजब सुख लाभतं: दोन्हीकडे आपलीच माणसं असलेला सामना. असाच एक सामना मार्च १९४९ मध्ये पुण्यात रंगला. १९४८-४९ च्या रणजी हंगामातली उपांत्य लढत, मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. त्यात धावा किती झाल्या असतील? हजार? दीड हजार? तब्बल २,३७६! प्रथम श्रेणीच्या दुसऱ्या कुठल्याही सामन्यात इतक्या धावा झालेल्या नाहीत.

हे घडलं कसं? हा सामना निकाल लागेपर्यंत चालणार होता. अनिर्णित राहण्याची भीती नाही, त्यामुळे घाईही नाही. धोट्यातली कांडी संपली की यंत्रमागावरचा कामगार दुसरी घालतो आणि कापड पुढे सरकत राहतं, तसा एक फलंदाज गेला की दुसरा यायचा आणि धावफलक पुढे सरकत राहायचा.

मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. त्यांत माधव मंत्रींच्या २००. हे सुनील गावसकरांचे मामा. उत्तरात महाराष्ट्राच्या ४०७. म्हणजे मुंबई २४४ धावांनी पुढे. आता प्रतिस्पर्ध्याला फॉलोऑन देऊन सामना लवकर आटपायचा, हो ना? मुंबईने तसं केलं नाही. पुन्हा फलंदाजी घेतली आणि ८ बाद ७१४ वर डाव घोषित केला! उदय मर्चंट आणि दत्तू फडकर या दोघांनीही दोन्ही डावांत शतकं ठोकली.

महाराष्ट्रापुढे आव्हान होतं ९५९ धावांचं. हा आकडा पुन्हा वाचा. चौथ्या डावात, थकलेल्या पायांनी, जवळजवळ हजार धावा! अशा वेळी कोण झुंजेल? महाराष्ट्र झुंजला. पहिल्या डावात १३३ करणाऱ्या मधू रेगेंनी पुन्हा शतक काढलं. संघाने चक्क ६०४ धावा उभारल्या आणि तो ३५४ धावांनी हरला. चौथ्या डावात सहाशे करूनही साडेतीनशेने हार! सामना सात दिवस चालला आणि त्यात नऊ शतकं झाली.

याची जगाशी तुलना करून पाहा. कसोटीत सर्वाधिक धावांचा सामना म्हणजे १९३९ ची डर्बनमधली दक्षिण आफ्रिका-इंग्लंड लढत. तिलाही वेळेची मर्यादा नव्हती. तरी धावा झाल्या १,९८१ आणि इंग्लंडच्या संघाला परतीचं जहाज गाठायचं असल्याने निकाल लागलाच नाही. पुण्यात त्याहून ३९५ धावा जास्त झाल्या, शिवाय निकालही लागला.

आणि याच हंगामात, याच शहरात, तीनच महिने आधी काय घडलं होतं? डिसेंबर १९४८ मध्ये महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर खेळत होते. डॉन ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ चा जागतिक विक्रम अवघ्या दहा धावांत मोडणार होता. महाराष्ट्र ४ बाद ८२६. पहिल्या डावाच्या आघाडीवर काठियावाड केव्हाच हरलेला. विश्रांतीच्या वेळी त्यांच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. खेळ तिथेच थांबला! तरीही भारतीयाची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च खेळी आजही हीच आहे. आणि हे निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत.

हे दोन सामने शेजारी ठेवले की केवढी गोष्ट उलगडते! विक्रम एकट्या फलंदाजाच्या हाती नसतो. समोर कुणीतरी चेंडू टाकत राहावं लागतं, हरत असतानाही मैदानावर टिकावं लागतं. डिसेंबरमध्ये समोरचे निघून गेले आणि जागतिक विक्रम हुकला. मार्चमध्ये ९५९ चा डोंगर पाहूनही महाराष्ट्र हटला नाही आणि जागतिक विक्रम घडला. पुढे अंतिम सामन्यात बडोद्याला ४६८ धावांनी हरवून मुंबईने करंडक उचलला. पण त्या २,३७६ मधल्या १,०११ धावा हरलेल्या संघाच्या आहेत. त्या नसत्या, तर हा विक्रमही नसता.