क्रोटनचे रंग आणि मोताळ्याचं ऊन

क्रोटनविषयी आपल्या मोताळ्यात दोन तक्रारी ऐकू येतात. सावलीत ठेवलं तर हिरवं पडतं, उन्हात ठेवलं तर करपतं. दोन्ही खऱ्या आहेत, आणि दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे.

हे झाड मलेशिया-इंडोनेशियापासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंतचं. तिथे उजेड भरपूर, पण हवा कायम दमट. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत. राजूर घाट चढून बुलढाण्याला गेलं की जरा तरी बरं वाटतं; आपण पडलो घाटाखालचे.

आता रंग कुठून येतो ते पाहू. पानात हिरवं हरितद्रव्य असतं, तशी पिवळी-केशरी आणि लाल-जांभळी रंगद्रव्येही असतात. उजेड कमी पडला की झाड हरितद्रव्य वाढवतं आणि बाकीचे रंग झाकले जातात. म्हणून बैठकीच्या कोपऱ्यातलं क्रोटन हिरवंगार होतं. ते काही आजारी नसतं, ते उजेड शोधतंय! त्याला पूर्वेकडचा ओटा द्या: सकाळचं ऊन मिळेल, दुपारनंतर भिंतीची सावली. मार्च ते जून हिरवी जाळी बांधली तर उत्तमच.

खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं. नर्सरीतून आणलेलं झाड आठवड्यात पानं गाळतं आणि आपण ते मेलं म्हणून उकिरड्यावर टाकतो. जागा बदलली की क्रोटन पानं टाकतंच, तो त्याचा स्वभाव आहे. खोडाची साल नखाने किंचित खरवडून बघा. आत हिरवं ओलं दिसलं तर झाड जिवंत आहे. ते हलवू नका, आणि घाबरून पाण्याचा मारा तर मुळीच करू नका. पानंच नाहीत, तर पाणी पिणार कोण? आपल्या काळ्या मातीत ते साचून मुळं सडतात. कुंडी भरताना मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळावं. वरची बोटभर माती सुकली की मगच पाणी.

एक रोप जगलं की दुसरं विकत घ्यायची गरज नाही. पावसाळ्यात गुटी बांधा. पेन्सिलीएवढ्या फांदीवरची इंचभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ लावायचं, वरून प्लास्टिक घट्ट बांधायचं. साधारण महिना-दीड महिन्यात मुळं दिसतात. बियांपासून मात्र तोच रंग येईल याची खात्री नसते.

जाता जाता नावाची गंमत. लिनियसने १७५३ मध्ये याला क्रोटन कुळात घातलं, पुढे शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं, पण आपण जुनंच नाव धरून बसलो. खरं क्रोटन म्हणजे जमालगोटा! दोघेही एरंडाच्या घराण्यातले, त्यामुळे फांदी कापताना निघणारा चीक डोळ्याला लागू देऊ नका, आणि छाटलेल्या फांद्या शेळ्यांपुढे टाकू नका.