खेळू द्या, पण मोजून!

मैत्रिणींनो, परीक्षा संपल्या की घरोघरी एकच प्रश्न, या मुलांना सुट्टीत गुंतवायचं कशात? मग आपण क्रिकेटच्या शिबिरात नाव घालतो, बूट-टोपी घेऊन देतो आणि हुश्श करतो. पण तिथले सर मुलाकडून रोज किती चेंडू टाकून घेतात, हे कधी विचारलंय तुम्ही?

माझी नणंद अमेरिकेत असते. तिचा बारा वर्षांचा मुलगा बेसबॉल खेळतो. तिच्याकडून जे कळलं, ते आपल्याही कामाचं आहे.

बेसबॉलमधला ‘पिचर’ म्हणजे आपला गोलंदाजच. पण तो पळत येत नाही. उभ्या जागेवरून हात मागे नेऊन जोरात चेंडू फेकतो. सगळा ताण खांद्यावर नि कोपरावर! तिथे मुलांसाठी ‘लिटल लीग’ ही संस्था आहे. १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट इथे कार्ल स्टॉट्झ यांनी ती सुरू केली. शिकवणारे बरेचसे मुलांचेच पालक, विनामूल्य वेळ देणारे. २००७ पासून तिथे चेंडू मोजण्याचा नियम आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५, अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ८५. आकडा भरला की समोरचा फलंदाज संपताच पिचर बदलायचा. ६६ किंवा त्याहून जास्त चेंडू टाकले, तर पुढे चार दिवस विश्रांती.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? अहो, वाढत्या वयात हाडांची टोकं अजून कूर्चेचीच, मऊ असतात. कच्च्या मडक्यात पाणी भरतो का आपण? १९७४ साली टॉमी जॉन या नामवंत पिचरच्या कोपरातला बंध तुटला, तेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हाताची कंडरा काढून तिथे बसवली. आज हीच शस्त्रक्रिया शाळकरी मुलांवरही करावी लागते!

गेल्या वर्षी भाच्याचा सामना रंगात आला होता. संघाला हवा होता शेवटचा गडी, आणि याचे ८५ चेंडू भरले. “मी टाकतो ना!” म्हणून तो रडकुंडीला आला, बाकीचे आईबापही ओरडू लागले. पण सरांनी शांतपणे त्याच्या हातातला चेंडू काढून घेतला. सामना हरले. नणंद म्हणते, “वहिनी, त्या दिवशी मला सरांची किंमत कळली.” मुलाला जिंकायला शिकवणारे पुष्कळ असतात, त्याला वेळेवर थांबवणारा खरा गुरू.

तेव्हा, शिबिरात नाव घालताना सरांना तीन गोष्टी जरूर विचारा. रोज किती चेंडू टाकून घेता? ते मोजतं कोण? आणि विश्रांतीचे दिवस कोणते? मुलगा शाळेच्या संघातही खेळत असेल, तर दोन्हीकडची बेरीज तुम्हीच करा, कारण दोन्हीकडच्या सरांना ती ठाऊक नसते. कोपर, खांदा किंवा पाठ दुखते म्हणाला, तर बाम चोळून मैदानावर धाडू नका. खेळ थांबवा, डॉक्टरांना दाखवा. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांच्या तर पाठीलाही इजा होते, बरं का!

दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहितोच ना आपण? त्याच्याच शेजारी चेंडूंचाही मांडून ठेवा.