अपुऱ्या दिवसांच्या कळा

गर्भारपणाचे ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वीं मूल जन्मलें, तर त्यास अकाल प्रसूति म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं अशीं सुमारें १ कोटि ३४ लक्ष बालकें जन्मास आलीं.

श्रोतेहो, सातव्या महिन्यांत सुनेच्या पोटांत कळा येऊं लागल्या कीं सारें घर हवालदिल होतें. वस्तुतः अशा बहुतेक स्त्रियांच्या कळा आपोआप विरतात. मग सर्वांनाच औषधें देऊन दूरच्या मोठ्या रुग्णालयांत हलवावें काय? आणि स्वस्थ बसावें, तर जिची प्रसूति खरोखरच जवळ आली आहे तिच्या बाळाचें काय? हा पेच सोडविण्यास दोन परीक्षा साह्य करतात.

पहिली परीक्षा मापाची. प्रसूति जवळ येते तसें गर्भाशयाचें मुख आखूड होतें. योनिमार्गांतून सोनोग्राफी करून त्याची लांबी मोजतात. २४ आठवड्यांपूर्वीं ती २५ मिलिमीटरहून कमी भरली, तर धोका वाढला असें समजतात. अशा वेळीं प्रोजेस्टेरॉन दिल्यानें कित्येकींची प्रसूति लांबते.

दुसरी परीक्षा फायब्रोनेक्टिन ह्या प्रथिनाची. गर्भाचें वेष्टन व गर्भाशयाचें अस्तर यांना तें सरसासारखें सांधून ठेवतें. साधारणतः २२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान योनिस्रावांत तें फारसें सांपडत नाहीं. सांपडल्यास सांधा सुटूं लागल्याची शंका येते. १९९१ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं हा संबंध दाखवून दिला. मात्र रक्तस्राव होत असल्यास किंवा आदल्या २४ तासांत पतिसमागम झाला असल्यास निकालावर विसंबतां येत नाहीं.

ह्या परीक्षेचें ‘नाहीं’ हें उत्तर ‘होय’पेक्षां अधिक भरंवशाचें असतें. ‘नाहीं’ आल्यास पुढील आठवड्यांत प्रसूति होण्याचा संभव अत्यल्प असतो. ‘होय’ आलेल्या पुष्कळ स्त्रियांची प्रसूति मात्र तेवढ्यांत होत नाहीं. तो इशारा आहे, निवाडा नव्हे.

एवढी चौकशी कशासाठीं? १९७२ सालीं न्यूझीलंडमधील लिगिन्स व हाउई यांनीं दाखविलें कीं, आईस स्टेरॉइडचें इंजेक्शन दिल्यास अपुऱ्या दिवसांच्या बाळाचीं फुप्फुसें लवकर तयार होतात. त्याचा पुरा गुण येण्यास एक-दोन दिवस लागतात व सुमारें आठवड्यानंतर तो ओसरूं लागतो. म्हणून वेळ साधणें हेंच मर्म.

कळा, पाणी जाणें वा रक्त दिसणें, यांपैकीं कांहींही घडल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडतां प्रसूतिगृह गांठावें. परीक्षा करावी कीं नाहीं, हें तेथील डॉक्टर ठरवितील.