पडद्यावरची आजी अशीच का?

बालमित्रांनो, एक गंमत करू या. डोळे मिटा आणि सिनेमातली म्हातारी आई आठवा. काय दिसलं? पांढरी साडी, हातात पूजेचं ताट, सारखा खोकला आणि डोळ्यांत पाणी! नाहीतर मग सुनेला छळणारी खाष्ट सासू. तिसरी कुणी आठवतेय? वेळ लागतोय ना?

गोष्टींतल्या बायका अशा ठरावीक साच्यातल्या का, हा सवाल आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी सिनेमाचा जन्म होण्याआधीच केला होता. १८८१ मध्ये सुरतेच्या एका विधवेवर खटला झाला आणि वर्तमानपत्रांतून सरसकट सगळ्याच बायकांना नावं ठेवणं सुरू झालं. ताराबाई संतापल्या. १८८२ मध्ये त्यांनी पुण्यात ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक छापून घेतलं. नाटक-कादंबऱ्यांचे लेखक जे दुर्गुण बायकांच्या माथी मारतात, ते पुरुषांत नसतात का, असं त्यांनी खडसावून विचारलं. टीका पुष्कळ झाली, पण महात्मा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले.

तोच सवाल घेऊन आता पडद्याकडे बघा. ‘मदर इंडिया’ (१९५७) मध्ये नर्गिस आई आणि सुनील दत्त तिचा मुलगा. दोघांचाही जन्म जून १९२९ चा, अंतर फक्त पाच दिवसांचं! ‘दीवार’ (१९७५) मधली आई निरुपा रॉय आपल्या ‘मुला’पेक्षा, म्हणजे अमिताभ बच्चनपेक्षा, अवघ्या ११ वर्षांनी मोठी. नायक वर्षानुवर्षं नायकच राहतो, नायिकेला मात्र लवकर आई व्हावं लागतं. कारण गोष्ट असते नायकाची. आई त्यात रडायला आणि आशीर्वाद द्यायला!

येवल्याच्या ललिता पवार यांचंच बघा. १९४२ मध्ये चित्रीकरण चालू असताना जोराची थप्पड बसून त्यांच्या डाव्या डोळ्याला इजा झाली. नायिकेची कामं सुटली आणि वाट्याला आली खाष्ट सासू. पण ‘अनाडी’ (१९५९) मध्ये त्यांना वरून कडक, आतून मायाळू अशी घरमालकीण मिळाली आणि त्यांनी फिल्मफेअर पुरस्कार पटकावला. म्हणजे अभिनय होताच. कमी होती ती चांगल्या भूमिकांची.

आता म्हणाल, म्हाताऱ्या बायका असतातच तशा. खरंच? सिंदखेडराजाला जन्मलेल्या जिजाऊ आठवा. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याला गेले, तेव्हा मागे राज्याच्या कारभारावर देखरेख कुणाची होती? जिजाऊंची. वय होतं ६८! एवढं लांब कशाला, आपल्या आठवडी बाजारात जा. भाजीचा ढीग मांडून बसलेली आजी तोंडी हिशेब किती झटपट करते! ती पडद्यावर का दिसत नाही?

थोडा बदल होतोय बरं का. ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) या मराठी चित्रपटात सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरतात आणि त्यांना पाहायला थिएटरं भरून गेली. मोबाइलवर पाहिल्या जाणाऱ्या ‘पंचायत’ (२०२०) या वेब मालिकेत नावापुरती सरपंच असलेली मंजूदेवी झेंडावंदनासाठी राष्ट्रगीत शिकायला बसते. पण जुनी खोड लगेच जाते थोडीच! ‘सांड की आंख’ (२०१९) साठीनंतर नेमबाज झालेल्या दोन आज्यांवर होता, पण त्या भूमिका तरुण नट्यांनाच मिळाल्या.

सिनेमाच तर आहे, त्यात काय एवढं? एवढं की, रोज तेच पाहून आपणही घरातल्या आजीला “तुला काय कळतंय!” म्हणायला लागतो. तिच्या पायांवर डोकं ठेवतो, पण तिचं मत विचारत नाही.

तेव्हा या रविवारी एक काम करा. घरातल्या सगळ्यांनी मिळून एखादा सिनेमा पाहा. आईबाबा, तुम्हीसुद्धा! वहीत दोन रकाने आखा. म्हातारी बाई किती वेळा रडली, ते एकात. तिने स्वतः किती निर्णय घेतले, ते दुसऱ्यात. मग आजीला विचारा, “तुझ्यावर सिनेमा काढला, तर त्यात काय काय दाखवायचं?” ती सांगेल ते सगळं लिहून घ्या. वहीची पानं मात्र जास्त ठेवा हं!