बाराच्या उताऱ्यातली आजी

सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. दरवर्षी १२ जानेवारीला तेथे जन्मोत्सव होतो आणि माणसांची रीघ लागते. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या थोर मातेचा जन्मदिवस आपण साजरा करतो. पण त्याच जिल्ह्यात, माझ्या डोळ्यांदेखत शेतात राबलेल्या माझ्या आजीची जन्मतारीख कोणालाच सांगता येत नाही. रेशनकार्डावर एक वय, मतदारयादीत दुसरे. आणि दोहोंत नऊ वर्षांचे अंतर!

ग्रंथकारांची चरित्रे शिकविणे हा माझा रोजचा व्यवसाय. आजीचे चरित्र लिहावयास बसलो, तेव्हा ध्यानात आले की येथे पत्रे नाहीत, रोजनिशी नाही आणि छायाचित्र म्हणाल तर एकुलते एक. मग दोन साधने हाती धरली : तहसील कचेरीतले जुने कागद आणि सत्तरी ओलांडलेली माझी आत्या.

वयाचा निकाल आत्याने चुटकीसरशी लावला. आजी सांगे, "गांधीबाबा गेले तवा माह्या हातचा चुडा नवाच होता." म्हणजे लग्न १९४७-४८च्या सुमाराचे. तेव्हा ती सोळा वर्षांची धरली, तर जन्म १९३१-३२चा. आमच्याकडे काळ असाच मोजतात.

जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. आजीचे माहेर घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. तेथली जमीन काळी, कसदार. पण विहिरींचे पाणी खारट. त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. लग्न होऊन ती घाटावर, मेहकर तालुक्यात आली आणि शेतातल्या विहिरीचे पाणी ओंजळीने प्याली. सासरविषयी तिने काढलेले पहिले चांगले उद्गार त्या पाण्याविषयी होते, असे आत्या म्हणते!

त्याच विहिरीकाठी तिने साठ वर्षे काढली. वाचकांना मौज वाटेल. तेथून न हलता ती चार राज्यांत नांदली. ती आली तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९५० साली त्याचे मध्य प्रदेश झाले, १९५६त आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो. आजीच्या आठवणीत यांपैकी एकही साल नव्हते. होते ते बहात्तर. कारण त्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि सरकारी सुकडी पोरांना वाटून दिली.

आता कागदांकडे वळू. सात-बारा हा शब्द शहरातल्या वाचकांच्याही कानावरून गेलेला असतो. हे मुळात गावदप्तराचे दोन नमुने. सातमध्ये जमीन कोणाची ते लिहितात, बारामध्ये कोणत्या साली तिच्यात काय पिकले ते. आमच्या सात नंबरच्या उताऱ्यात पणजोबा आहेत, आजोबा आहेत, आजी नाही. तिचे नाव प्रथम उमटते ते आजोबा १९८६ साली वारले तेव्हा, वारस म्हणून. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलामुलींच्या बरोबरीने वारस मानले, त्याचे हे फळ. कुंकू गेले तेव्हा नाव आले!

तो कागद घरी आला, तेव्हा तिने शाळेतल्या एका पोराला बोलावून तो वाचून घेतला. आपले नाव आले तशी म्हणाली, "पुन्हा वाच रे बापू." त्याच उताऱ्यात आत्याचेही नाव होते. दोन वर्षांनी हक्कसोड लेख झाला आणि ते गेले. "सही का केलीस?" असे मी विचारले. आत्या हसून म्हणाली, "वावर घेतलं असतं, तर भाऊबीज गेली असती."

पुढे मुलांनी वाटणी करताना आजीलाही सही मागितली. ती मात्र हलली नाही. "मी हाय तवर माहं नाव राहू द्या. मी गेल्यावर ते आपसूकच जाईल." तसेच झाले. २००९ साली ती गेली आणि 'मयत' म्हणून तिचे नाव कमी झाले.

पण बाराचा उतारा पाहू लागलो आणि तेथे मला आजी सापडली. कापूस, ज्वारी, तूर, मूग, उडीद. सालामागून साल हीच अक्षरे. तिफणीमागे चालत सरत्यातून तूर सोडणारी ती, श्रावण-भाद्रपदात ओणव्याने निंदणारी ती. वेचणीला हात लावण्यापूर्वी सीतादहीची पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवावा, मग कमरेला ओटी बांधून कापूस वेचावा. बोंडांच्या टोकांनी तिची बोटे कायमची खरखरीत झाली होती. कापसाच्या गाड्या घाट उतरून खामगावच्या बाजारात जात. बरोबर पुरुष जात आणि पैसे त्यांच्याच हाती येत. पुढे त्याच रकान्यात सोयाबीन आले, ज्वारी आक्रसली आणि घरातली भाकरी पिठाच्या गिरणीतून, विकतच्या धान्याची होऊ लागली. ज्याला वाचता येईल, त्याला हा रकाना म्हणजे तिची रोजनिशीच आहे.

शेजारच्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, ती मुलाने आणि आप्ताने टिपून ठेवली होती म्हणून. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, म्हणून त्या उरल्या. टिपणारे कोणी नसेल, तर असे आयुष्य दोन पिढ्यांत पुसले जाते.

आणि टिपण्याबरोबर एक व्यवहारही आहे. १९८६च्या चांदवड अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली : शेतकऱ्याने जिवंतपणीच पत्नीचे नाव जमिनीला लावावे. आमच्या घरी ती हाक उशिरा पोचली. माझ्या वाट्याच्या दोन एकरांच्या उताऱ्यावर सौभाग्यवतीचे नाव लावण्याचा अर्ज मी यंदा दिला आहे.

वाचकहो, या दिवाळीत घरची वडीलधारी मंडळी फराळाला एकत्र येतील. आजीला वय विचारू नका. ते तिला सांगता येणार नाही. लग्न झाले तेव्हा शेतात काय पेरले होते आणि पाणी कोणत्या विहिरीचे होते, ते विचारा. आणि भाऊबीजेला बहीण येईल, तेव्हा उताऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत, हेही एकदा पाहून ठेवा.